चाळीस मिनिटांचा मथळा

शमशाद मुजावर वृत्तपंचायतीच्या कार्यालयात आल्या तेव्हा त्यांनी अर्ज लिहून आणला नव्हता. खुर्चीच्या कडेवर बसून त्यांनी मोबाइल टेबलावर ठेवला आणि आवाज मोठा केला. आतून एका मायाळू, पोक्त बाईचा आवाज आला, थेट मिरजेकडच्या कानडी हेलाचा.

"ऐकलं का, लिंगणवाडीत त्या मुजावर नर्सनं मुदत संपलेली लस टोचली म्हणं. पोरं ओकून बेजार झाली. सरकारी डॉक्टरच म्हणालेत."

"ही बाई कोण?" वृंदा आरवाडेनं विचारलं.

"कुणीच नाही, मॅडम. माझ्या शेजारणीचा फोन आहे हा. तिच्या आईच्या आवाजात बातम्या सांगतो. आई जाऊन चार वर्षं झाली."

२०३७ साली बातमी वाचणारी माणसं थोडी उरली होती. बहुतेकांचा फोन सकाळी त्यांच्यासाठी बातम्या गोळा करायचा आणि ज्याच्या त्याच्या बोलीत, ज्याला जो आवाज जवळचा वाटेल त्या आवाजात सांगायचा. त्यामुळे एकच बातमी लाख घरांत लाख तोंडांनी पोचायची, आणि मूळ वाक्य कुणाच्याच कानावर पडायचं नाही.

शमशाद सिस्टरांनी सगळं सांगितलं. डिसेंबरात लिंगणवाडीच्या शाळेत त्यांनी मुलांना लस दिली होती. दोन दिवसांनी शाळेच्या कार्यक्रमात शिळी बासुंदी खाऊन अकरा मुलांना उलट्या झाल्या. मुलं संध्याकाळपर्यंत बरीही झाली. पण तिसऱ्या दिवशी उपकेंद्रासमोर गर्दी जमली आणि सिस्टरांची स्कूटर पेटवली गेली. महिन्याभरात त्यांची बदली झाली. रजा टाकून आता त्या विजापूरला बहिणीकडे राहत होत्या.

"गाव सोडायच्या आधी मी एका घरी तीनदा गेले होते. हारग्यांच्या. त्यांची जुई, पाच वर्षांची, शाळेत लस दिली त्या आठवड्यात मामाकडं गेलेली, तिचा डोस राहिला होता. तिसऱ्यांदा गेले तेव्हा तिच्या वडिलांनी दारातच सांगितलं, परत आलात तर कुत्रं सोडीन. गेल्या महिन्यात पोरगी घटसर्पानं गेली. घटसर्प, मॅडम. वीस वर्षांच्या नोकरीत मी तो फक्त पुस्तकात बघितला होता."

वृंदानं पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. त्यांनी तो घेतला नाही.

"मला कुणाला शिक्षा व्हायला नकोय. हे पहिल्यांदा कोण म्हणालं, तेवढं शोधून द्या."

वृत्तपंचायत म्हणजे सांगली-मिरजेकडच्या अकरा छोट्या वृत्तपत्रांनी आणि बातमीवाहिन्यांनी स्वतःवर नेमलेलं पंचमंडळ. त्यात सरकार नव्हतं, पोलीस नव्हते. ज्याची चूक निघेल त्यानं ती जिथे आणि जेवढ्या अक्षरात छापली, तिथेच आणि तेवढ्याच अक्षरात कबूल करायची, हा एकच नियम. आपली चूक आपणच धुतली नाही तर उद्या कुणीतरी बाहेरून येऊन आपलं तोंडच बंद करील, असं सांगून अकराही संपादकांना ज्यांनी एकत्र आणलं ते म्हणजे 'दैनिक पाणवठा'चे अण्णासाहेब मगदूम. वृंदाचे सर.

बाविसाव्या वर्षी ती त्यांच्या हाताखाली लागली तेव्हा तिला साधी चोरीची बातमीही लिहिता येत नव्हती. सरांनी तिच्या पहिल्या बातमीतलं एकूण एक विशेषण काढून टाकलं होतं आणि उरलेल्या तीन ओळी तिच्या नावानं छापल्या होत्या. वडील लवकर गेलेल्या वृंदाला बाप म्हटलं की सरच आठवायचे. वाचकांच्या तक्रारी तपासायला, पंचायतीची वाचक-प्रतिनिधी म्हणून तिला त्यांनीच बसवलं. आणि दीड वर्षापूर्वी परदेशातल्या प्रशिक्षणाचं बोलावणं आलं तेव्हाही तेच म्हणाले, "माझं इंग्रजी गंजलंय आता. तू जा."

ते प्रशिक्षण त्बिलिसीला, जॉर्जियाच्या राजधानीत, सात आठवडे चाललं. चौदा देशांतले तीस पत्रकार होते. कुणाच्या देशात वृत्तपत्रांना टाळं लागलेलं, कुणाच्या देशात मालकांनीच विकून टाकलेलं. शिकवणारी नीनो नावाची साठीची बाई एकेकाळी तिथल्या एका साप्ताहिकाची संपादक होती. तिनंच त्यांना वंशवेल शिकवली.

वंशवेलीची कल्पना विषाणूंच्या अभ्यासातून आली होती. विषाणू स्वतःच्या प्रती काढतो तेव्हा प्रत्येक प्रतीत एखादी बारीक चूक राहते, आणि ती चूक पुढच्या सगळ्या पिढ्यांत उतरते. कुणामध्ये कोणत्या चुका समान आहेत हे पाहिलं की कोण कुणाचा वंशज हे सांगता येतं. अफवेचंही तसंच असतं. कुठे स्वल्पविराम गळतो, कुठे 'अकरा'चे 'पंधरा' होतात, कुठे दोन वाक्यांचा क्रम उलटतो. यंत्रानं मजकूर नव्यानं रचला तरी आधी काय आणि मग काय याचा सांगाडा बराचसा टिकतो. लोकांनी आपणहून दिलेल्या हजारो प्रती वंशवेलीला दिल्या की ती त्यांची झाडासारखी मांडणी करते आणि फांद्यांवरून उतरत बुंध्यापर्यंत येते. बुंधा पुसून टाकलेला असला तरीही. नामशेष झालेला पूर्वज कसा असेल हे जसं आजच्या प्राण्यांवरून मांडता येतं, तशी ती हरवलेली मूळ ओळ अक्षरशः पुन्हा लिहून देते.

"यंत्र नाव देईल," नीनो म्हणाली होती. "ते द्यायला त्याला दहा मिनिटं लागतात. मी तुम्हाला सात आठवडे बोलावलंय, कारण ते नाव तुमच्या मित्राचं निघेल."

सगळे हसले होते. वृंदाही हसली होती.

प्रती गोळा करायला नऊ दिवस लागले. एक लाख शहाऐंशी हजार प्रती जमल्या. दहाव्या दिवशी दुपारी वृंदा पडद्यासमोर बसली आणि झाड मिटत जाताना पाहू लागली. सिस्टरांचं नाव एका फांदीवर चिकटलं होतं, 'मुदत संपलेली' हे दुसऱ्या फांदीवर, आणि दोन्ही एकाच फांदीतून फुटल्या होत्या. ती फांदी म्हणत होती, सरकारी डॉक्टरांनीच लसीला दोष दिला. त्याच्याही खाली बुंधा होता. चार शब्दांचा.

'मुलांना उलट्या लसीमुळे : आरोग्याधिकारी'

खाली वेळ होती. मंगळवार, संध्याकाळी सहा दहा ते सहा पन्नास. त्या चाळीस मिनिटांनंतर ही ओळ मूळ जागेवरून नाहीशी झाली होती.

वृंदानं तो शेवटचा शब्द पुन्हा वाचला. आरोग्याधिकारी. जोडून. सगळं जग 'आरोग्य अधिकारी' असं तोडून लिहीत होतं. जोडून लिहिण्याचा हट्ट जिल्ह्यात एकाच माणसाचा होता, आणि त्यापायी तिनं उमेदवारीत बोलणीही खाल्ली होती.

तिनं 'पाणवठा'च्या संकेतस्थळावरचं त्या दिवसाचं संग्रहातलं पान उघडलं. तिथे मथळा बरोबर होता. 'मुलांना उलट्या लसीमुळे नाहीत : आरोग्याधिकारी'. खाली लिंगणवाडीच्या वार्ताहरानं दिलेली सरळ, स्वच्छ बातमी होती. शिळी बासुंदीच कारण आहे, लस सुरक्षित आहे, घाबरू नये. म्हणजे आधी एक शब्द गळाला होता, आणि चाळीस मिनिटांनी कुणीतरी तो गुपचूप परत आणून ठेवला होता. दुरुस्तीची सूचना कुठेही नव्हती. आणि तोवर फोनांनी तेवढा मथळा उचलून गावोगाव पोचवला होता. दुरुस्त केलेली बातमी त्यांना जुनीच वाटली असणार. त्यांनी ती पुन्हा सांगितलीच नाही.

तिनं पंचायतीच्या अध्यक्षांना फोन केला. "निकालाला मी बसणार नाही. मगदूम सर माझे गुरू आहेत."

"बसू नकोस," अध्यक्ष म्हणाले. "पण नोटीस तूच नेऊन दे, वृंदा. झाड समजावून सांगायला दुसरं कोण आहे?"

'पाणवठा'चं कार्यालय सरांच्या घरातच, तळमजल्यावर होतं. वृंदा गेली तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. सरांच्या पत्नीनं, काकूंनी, न विचारताच ताक आणून ठेवलं आणि जेवलीस का म्हणून चौकशी केली. सर टेबलामागे बसले होते. अलीकडे ते समोरच्याच्या खांद्यावरून पलीकडे बघत बोलायचे. वय झालं की माणूस जरा तुटक होतो, असं वृंदानं मनाशी धरलं होतं.

तिनं नोटीस त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती धरली, मान जरा कलती केली आणि कागद तिच्यापुढे केला.

"वाच."

"सर, तुमच्या नावची आहे. तुम्ही वाचून सही करायची असते."

"वाच की गं."

तेव्हा तिच्या लक्षात आलं. कागदाची कोरी बाजू त्यांच्याकडे होती.

दारात काकू उभ्या होत्या. "सांगा तिला," त्या म्हणाल्या. "किती दिवस लपवणार?"

"तीन वर्षं झाली," सर म्हणाले. "डोळ्यांचा पडदा झिजलाय. कडेचं दिसतं, मधलं जातं. ज्या शब्दाकडं बघावं तोच शब्द गायब. इतर सगळी ओळ असते आपली जागेवर. आणि गंमत अशी, वृंदा, की भोक दिसत नाही. मेंदू दोन्ही कडा ओढून शिवून टाकतो. वाक्य पुरं वाटतं."

"मग अंक कसा काढता?"

"ही वाचून दाखवते. त्या मंगळवारी ही बाजारात गेली होती. मथळा मी स्वतः बसवला, 'नाहीत' गळलेलं कळलंच नाही. परत आल्यावर हिनं वाचला आणि किंचाळली. लगोलग दुरुस्त केला."

"आणि दुरुस्तीची सूचना?"

सरांनी ताकाचा पेला तिच्याकडे सरकवला.

"सर, सूचना का नाही टाकली?"

"टाकणार होतो. वाटलं, चाळीस मिनिटं तर होती. कुणी बघितलं असेल? दुसऱ्या दिवशी वाटलं, आता टाकली तर उलट बोभाटा होईल. तिसऱ्या दिवशी स्कूटर जाळली. त्यानंतर रोज सकाळी वाटायचं, आज टाकू. सूचना टाकली की लोक विचारणार, कशी झाली चूक. मग डोळे बाहेर येणार. मग अंक बंद. पंचेचाळीस वर्षं काढलेला अंक. रोज वाटायचं, आज टाकू."

"ती मुलगी गेल्याचं कळलं होतं तुम्हाला?"

"कळलं होतं. पान तीन, खालची चौकट. हिनं वाचून दाखवली. मीच लावली ती चौकट."

वृंदा रडली नाही. डोळ्यांची चूक ती विसरली असती, कुणीही विसरलं असतं. पण तिला आठवत होतं ते, तिच्या हातून एका दुकानदाराचं नाव चुकलं होतं तेव्हाचं. याच माणसानं तिला त्या दुकानात पाठवलं होतं. उद्याच्या अंकात दुरुस्ती येईलच, पण तोवर त्याला तोंड दाखवून ये, म्हणून.

"नोटिशीला सात दिवस आहेत," ती म्हणाली.

"सात कशाला? कागद घे. मी सांगतो, तू लिही."

तिनं लिहिलं. सरांनी सांगितलेली वाक्यं पूर्वीसारखीच होती, छोटी, एकाही विशेषणाशिवाय. चुकीचा मथळा काय होता, तो किती वेळ होता, बरोबर मथळा काय, श्रीमती शमशाद मुजावर यांनी दिलेली लस मुदतीतली आणि निर्दोष होती. चूक मला त्याच संध्याकाळी कळली. मी ती आठ महिने लपवली. त्या काळात श्रीमती मुजावर यांना गाव सोडावं लागलं आणि जुई हारगे हिला लस मिळाली नाही. याला मी जबाबदार आहे. अण्णासाहेब मगदूम, संपादक.

"डोळ्यांचं?" वृंदानं विचारलं.

"ते घालायचं नाही."

"सर, कारण आहे ते."

"डोळ्यांमुळं चाळीस मिनिटं गेली. आठ महिने डोळ्यांमुळं गेले नाहीत. लोक डोळ्यांचं वाचतील आणि मला माफ करतील. त्या बाईला ते बघावं लागेल. नको." ते म्हणाले. "आणि माझा आजार छापायचा का नाही, हे ठरवायचा हक्क माझा आहे. हे तूच शिकून आलीयस की नाही तिकडनं?"

ती शिकून आली होती. चौथ्या आठवड्यात.

निवेदन दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर आलं, त्याच जागी, तेवढ्याच अक्षरात. बाकीच्या दहा जणांनीही ते छापलं. पंचायतीनं स्वतःच्याच संस्थापकाला सोडलं नाही हे कळल्यावर त्बिलिसीहून नीनोचा निरोप आला. त्यात अभिनंदन नव्हतं. 'तुझ्या सरांपाशी जाऊन बस,' एवढंच होतं.

पण तिला बसू कोण देणार?

संध्याकाळपर्यंत गावभर झालं होतं की मगदुमांनी लस कंपनीच्या विरोधकांकडून पैसे खाल्ले. कुणी म्हणालं, धर्म बघून केलं. 'पाणवठा'च्या दारावर शेण फेकलं गेलं. आठवड्यानं अंक बंद झाला. काकूंनी वृंदाला फोन केला तो एकदाच.

"डोळ्यांचं एक वाक्य घातलं असतंस तर तुझं काय जाणार होतं? एवढ्या लांब जाऊन हेच शिकून आलीस का गं? खरं लिहायचं शिकलीस ना? मग हे खरं नव्हतं?"

"काकू, सरांनीच..."

"सर म्हणाले! बावीस वर्षं माझ्या हातचं जेवलीस. मला विचारायचं होतंस."

फोन बंद झाला. वृंदाला उत्तर माहीत होतं, नियमातलं. पण काकूंचं बोलणं खोटं आहे असं तिला तेव्हाही वाटलं नाही आणि पुढेही कधी वाटलं नाही.

तिनं दुरुस्तीचीही वंशवेल काढली. एक हजार एकशे चाळीस प्रती. फोनांनी ती बातमी 'मिरजेतल्या संपादकाची माफी' अशी आटोपशीर करून सांगितली होती. बहुतेक प्रतींत लस हा शब्दच उरला नव्हता.

शमशाद सिस्टर विजापूरहून आल्या. त्यांनी निवेदनाचं पान दोनदा वाचलं.

"हारग्यांना दाखवलंत?"

"दाखवलं."

"काय म्हणाले?"

वृंदानं खरं ते सांगितलं. जुईच्या वडिलांनी पान वाचून परत दिलं होतं आणि म्हणाले होते, असेल. पण तेव्हा तर डॉक्टरच म्हणाले होते.

सिस्टरांनी मान हलवली. "म्हणजे तो बिचारा आयुष्यभर असंच धरून बसणार. बसू दे. खरं कळलं तर जगायचा कसा?" मग त्या उठल्या. "मला त्या सरांकडं न्या."

वृंदानं आधी निरोप पाठवला. सर हो म्हणाले. काकूंनी दार उघडलं, सिस्टरांना या म्हटलं आणि वृंदाकडे न बघता आत गेल्या.

सर पलंगाच्या कडेला बसले होते. पावलांची चाहूल लागताच उठले आणि हात जोडले. पण तोंड आणि हात खिडकीकडे होते, उजव्या अंगाच्या सिस्टरांना ते डोळ्याच्या कडेनं बघत होते. शमशाद सिस्टर जागीच थबकल्या. नर्सच त्या. एका नजरेत त्यांना कळलं. त्यांनी वळून वृंदाकडे पाहिलं, आणि वृंदानं मान खाली घातली.

सिस्टर सरकून त्यांच्या बरोब्बर समोर येऊन उभ्या राहिल्या.

"कधीपासून?"

"त्याच्याशी याचा काही संबंध नाही, ताई," सर म्हणाले.

"मला माहीत आहे, नाही. मी नर्स म्हणून विचारतेय."

"तीन वर्षं."

"गोळ्या चालू आहेत? तपासणीला जाता?"

"जातो."

इथे येताना गाडीत सिस्टरांनी बरंच काही योजून ठेवलं असावं. शेवटी त्या अगदी हळू आवाजात बोलल्या.

"सर, तुम्ही मथळा बदललात त्या संध्याकाळी जुई मामाच्या घरी खेळत होती. त्यानंतर सात महिने होती ती. एवढंच सांगायला आले होते. कुणीतरी तुम्हाला हे समोर उभं राहून सांगायला हवं होतं."

सरांचे जोडलेले हात तसेच होते. रस्त्यावरून एक रिक्षा गेली. सर वाट बघत राहिले, आणखी काहीतरी येईल म्हणून. मग त्यांनी मान न वळवता विचारलं.

"वृंदा, त्या गेल्या का?"

शमशाद सिस्टर त्यांच्यापासून दोन हातांवर, थेट समोर, त्यांना न दिसणाऱ्या मधल्या जागेत उभ्या होत्या. त्यांनी वृंदाकडे पाहिलं आणि मान किंचित हलवली. सांगू नकोस.

"हो, सर," वृंदा म्हणाली. "गेल्या."

तेव्हा सर पलंगावर बसले, दोन्ही तळहातांनी तोंड झाकून घेतलं आणि मोठ्यानं रडू लागले. आतून काकू धावत आल्या आणि दारातच थांबल्या. शमशाद सिस्टर तिथेच उभ्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, दयाही नव्हती. वॉर्डात एखाद्या रुग्णाशेजारी उभं राहावं तशा त्या उभ्या होत्या. रडणं थोडं ओसरलं, तेव्हा त्या वळल्या. उंबऱ्याशी काढून ठेवलेल्या चपला त्यांनी पायात घातल्या नाहीत. हातात उचलून घेतल्या आणि आवाज होऊ न देता, अनवाणी पायऱ्या उतरून गेल्या.